सकाळी शुद्ध, दुपारी भेसळ: तिखट तपासणाऱ्या सेन्सरचं रीडिंग का सरकतं

तक्रार नेहमी एकाच धाटणीची असते. तिखटात विटेची भुकटी आहे का हे पाहायला छोटा सेन्सर बनवला. टेबलावर झकास चालला. चक्कीवर नेला, तर सकाळी पास झालेलं तिखट दुपारी नापास. डबा तोच, चमचा तोच. नागपुरातल्या कळमन्याकडच्या एका चक्कीवाल्याने ही तक्रार एका वाक्यात मांडली होती: ‘भाऊ, तिखट तेच हाय, मंग मशीनले ऊन लागलं काय?’

ऊन लागतंच, पण ते कारणांच्या यादीत बरंच खाली येतं. असे सेन्सर घेऊन येणारे बहुतेक जण आधी एडीसी (सिग्नलचा आकडा करणारी चिप) बदलतात, मग फोटोडायोड (प्रकाश मोजणारा भाग), मग सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. दोष मात्र बहुधा त्या प्रकाशात असतो जो तिखटाला न शिवताच फोटोडायोडपर्यंत पोहोचतो. म्हणून आधी त्याचा बंदोबस्त आणि मग बाकीचं, या क्रमाने लिहितो.

रचना काय धरली आहे ते आधी सांगतो. काचेच्या खिडकीवर तिखट, खिडकीखाली दोन एलईडी, एक ७३० नॅनोमीटरचा आणि एक ८५० चा (हे आकडे प्रकाशाच्या तरंगलांबीचे, म्हणजे त्याच्या रंगाचे). दोन्ही आळीपाळीने लागतात आणि मध्ये एकच फोटोडायोड, म्हणजे बीपीडब्ल्यू ३४ किंवा अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला ओपीटी १०१. हेच दोन रंग का? डोळ्याला मिरची आणि वीट दोन्ही लाल. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइडचा. ती द्रव्यं निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि ७०० च्या पुढे जवळपास काहीच शोषत नाहीत, त्यामुळे तिखट ७३० ला जेवढं उजळ तेवढंच ८५० ला. विटेचा लाल रंग भट्टीत तयार झालेल्या लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे हेमेटाइटचा. त्याचं परावर्तन साडेसातशेच्या आसपास चढतं आणि साडेआठशेच्या थोडं पुढे खड्ड्यात जातं. खड्डा उथळ आहे, कारण विटेत लोह थोडं आणि सिलिकेट जास्त. पण आहे. त्यामुळे ८५० चं परावर्तन भागिले ७३० चं परावर्तन हा आकडा खाली आला की विटेचा संशय घ्यायचा.

मधल्या मध्ये एक इशारा. बाजारात १८ चॅनेलची, म्हणजे १८ तरंगलांब्या वेगवेगळ्या मोजणारी, एएस ७२६५एक्स ही चिप मिळते. तिच्यात ७३०, ७६०, ८१०, ८६० असे चॅनेल तयार असतात, म्हणून लोक ती घेतात आणि वर पांढरा एलईडी लावतात. पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फरचा लेप. त्याच्याकडे ८६० ला द्यायला प्रकाशच नसतो. तो चॅनेल मग खोलीतला उजेड आणि स्वतःचा गोंगाट मोजत बसतो. तुमचं ८६० चं रीडिंग खिडकीबाहेरच्या ढगांबरोबर हलत असेल, तर पुढचं काही वाचायच्या आधी दिवा बदला.

आधी वजाबाकी, मग भागाकार

एक वही घ्या. प्रत्येक एलईडीसाठी चार आकडे लिहायचे: एलईडी बंद असताना, एलईडी चालू पण खिडकीवर काहीच नसताना, खिडकीवर तुलनेसाठीची पांढरी टेफ्लॉनची टिकली असताना, आणि तिखट असताना. पहिला आकडा बाकी तिघांतून लगेच वजा करा, तेवढं सगळेच करतात. दुसऱ्या आकड्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि गोम तिथेच आहे.

रिकाम्या खिडकीवर, वर गडद अंधार असताना, रीडिंग शून्याजवळ यायला हवं. येत नाही. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन पृष्ठं म्हणजे जवळपास ८ टक्के. मोठ्या उपकरणात ४५ अंशांतून प्रकाश टाकतात आणि शून्य अंशात बघतात, त्यामुळे काचेची चकाकी भलतीकडे निघून जाते. अंगठ्याएवढ्या डबीत एलईडी आणि फोटोडायोड एकमेकांना खेटून असतात. एलईडीचा झोत रुंद असेल तर त्यातला काही भाग काचेवर आपटून थेट फोटोडायोडमध्ये उतरतोच. हा प्रकाश तिखटाबद्दल काहीही सांगत नाही, पण बेरजेत बसतो.

आकडे घेऊन बघू. समजा ८५० ला रिकामी खिडकी ३०००, टेफ्लॉन २३०००, तिखट १३०००. आणि ७३० ला रिकामी १०००, टेफ्लॉन २१०००, तिखट ११०००. रिकामीचा आकडा वजा केला तर दोन्हीकडे १०००० भागिले २००००, म्हणजे ०.५०, आणि गुणोत्तर बरोबर १.००. वजा न करता नुसतं टेफ्लॉनने भागलं तर ०.५६५ आणि ०.५२४, गुणोत्तर १.०७९. अनेक जण इथे म्हणतात, ‘हरकत नाही, शुद्ध तिखट म्हणजे १.०७९ असं धरू आणि १.०६ च्या खाली नापास करू.’ कामचलाऊ वाटतं, पण टिकत नाही.

कारण दुपारपर्यंत खिडकीवर तिखटाची पातळ कात बसते. ती दोन्ही रंगांत समजा २००० ची भर घालते. (ती थोडा प्रकाश अडवतेही, पण हिशेब सोपा ठेवू.) आता तिखटाचे आकडे १५००० आणि १३०००. भागायला सकाळचंच टेफ्लॉन वापरलं, तर ०.६५२ आणि ०.६१९, गुणोत्तर १.०५४. तिखट नापास! वीट एक कणही वाढली नाही. वाढलेली भर दोन्हीकडे सारखी होती, तरी गुणोत्तर खाली आलं, आणि वीट त्याच दिशेला ढकलते. या सेन्सरची ‘दुपारची भेसळ’ बहुतेक वेळा हीच असते.

गुणोत्तर घेतलं की सगळं आपोआप कटतं, ही समजूत इथे नडते. एलईडी मंद झाला, नमुना थोडा दूर गेला, तर दोन्ही आकडे एकाच पटीत बदलतात आणि भागाकाराने ते खरंच कटतं. पण बेरजेने आत शिरलेली चूक भागाकाराने जात नाही, तिला वजाच करावं लागतं. वरच्याच उदाहरणात दुपारी रिकामी खिडकी परत मोजली (५००० आणि ३०००) आणि टेफ्लॉनही परत मोजलं (२५००० आणि २३०००), तर उत्तर पुन्हा १.०० येतं.

म्हणून दुरुस्ती दोन भागांत. सॉफ्टवेअरमध्ये: रिकामी आणि टेफ्लॉन ही दोन्ही मोजमापं प्रत्येक खेपेला, निदान प्रत्येक नवीन पोत्याला. यंत्राने ती मागितलीच पाहिजेत, माणसाच्या आठवणीवर सोडू नका. डबीत: एलईडी आणि फोटोडायोड यांच्यामध्ये आडोसा हवा आणि तो काचेला अगदी टेकलेला हवा. अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी प्रकाश तिथून वाट काढतो. शक्य असेल तर एलईडी आणि फोटोडायोडला दोन वेगळ्या खिडक्या द्या, कारण एकच काच असली की प्रकाश काचेच्या जाडीतूनच आडवा पळतो. रुंद झोताच्या एलईडीऐवजी भिंगवाला अरुंद झोताचा घ्या. रिकामीचा आकडा टेफ्लॉनच्या पाच टक्क्यांच्या आत आला की मी पुढे जातो. पंधरा टक्के असेल तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

दिसतं तसं नसतं: काळी डबी

रिकामीचा आकडा आडोसा लावूनही खाली येत नसेल, तर डबीचा काळा रंग तपासा. डोळ्याला काळं दिसणारं ८५० ला काळं असेलच असं नाही. काळं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम याचा सर्वांत बदमाश नमुना: दिसायला कोळसा, पण ७०० च्या पुढे चक्क उजळ. थ्रीडी प्रिंटचं काळं प्लास्टिक कधी चालतं, कधी नाही. रंग कार्बनचा असेल तर चालतं, सेंद्रिय रंगद्रव्याचा असेल तर प्रकाश भिंतीतून आरपार जातो. काळं कापडही फसवं, कारण कापडाचे बरेच काळे रंग या पट्ट्यात जवळपास पारदर्शक असतात. म्हणजे ‘रिकामी’ मोजताना खिडकीवर काळं फडकं टाकलं असेल, तर तुम्ही रिकामी नव्हे, फडकं मोजता आहात.

तपासायला उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत ८५० चा एलईडी लावा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. पुष्कळ फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश दिसतो. डबीच्या आतल्या भिंती उजळलेल्या दिसल्या तर चोर सापडला.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे काजळी. तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी हा मुख्यतः कार्बन, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या दोन्ही प्रकाशात काळा. पत्र्याची एक खोल नळी आतून काजळी धरून काळी करा, एक टोक बंद करा आणि रिकामी मोजताना उघडं टोक खिडकीवर उपडं ठेवा. डबीच्या आत काजळी टिकत नाही, गळते. तिथे कार्बन ब्लॅक असलेला मॅट रंग लावा, आणि रंग वाळल्यावर परत कॅमेऱ्यातून बघा. डब्यावरच्या लेबलावर विश्वास नको.

काच: तेल आणि ओरखडे

तिखट कोरडं दिसतं, पण कोरडं नसतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात मिरची पावडरीत अबाष्पनशील ईथर अर्क किमान १२ टक्के हवा असं म्हटलं आहे. सोप्या भाषेत, तेल आणि तेलात विरघळणारे पदार्थ. ते काचेला लागतात. तेलाचा थर कण आणि काच यांच्यातल्या हवेच्या फटी भरतो आणि तेवढ्या जागी तिखट गडद दिसतं, ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते त्याच नियमाने.

पुसायचं कशाने, यावर चक्कीवर हमखास गफलत होते. ओल्या फडक्याने पुसलं की काच स्वच्छ दिसते, रीडिंग मात्र आणखी सरकतं, कारण मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, नुसते पसरतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारा कागद वापरा. खिडकी अ‍ॅक्रिलिकची असेल तर अ‍ॅसिटोन जवळपासही आणू नका, तिला बारीक चिरा पडतात. खरं तर अ‍ॅक्रिलिक लावूच नका.

काचेचंही आयुष्य मर्यादित आहे, आणि ते नेमकं भेसळीमुळे संपतं. विटेत क्वार्ट्‌झ असतो, त्याचा कठीणपणा मोह्‌स मापावर ७. साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे ज्या नमुन्यासाठी यंत्र बनवलं, तोच नमुना खिडकी खरवडतो. ओरखडा प्रकाश विखुरतो, रिकामीचा आकडा वाढतो, आणि तो पुसून जात नाही. महिन्यागणिक वहीत रिकामीचा आकडा चढता दिसला की काच बदलायची वेळ झाली. घड्याळाची सफायरची काच बसवता येते. तिचा कठीणपणा ९, ओरखडे पडत नाहीत. पण तिचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) सुमारे १.७६ असल्याने प्रत्येक पृष्ठावरून साडेसात टक्क्यांच्या आसपास चकाकी मिळते, म्हणजे साध्या काचेच्या जवळपास दुप्पट. आडोसा चोख असेल तरच सफायरच्या नादी लागा.

टेफ्लॉनच्या टिकलीलाही विसरू नका. तीही लाल होते. बारीक पॉलिश पेपर फिरवला की नवा पांढरा थर वर येतो. टिकली निदान एक सेंटिमीटर जाड असावी, पातळ टेफ्लॉनमधून प्रकाश मागे निसटतो. कागदाचा तुकडा पांढरा म्हणून वापरायचा मोह टाळा, त्यामागे काय ठेवलंय ते तो दाखवत असतो.

आता उन्हाचं

वर्षाचं तिखट कुटायचा हंगाम म्हणजे मार्च ते मे, आणि नागपुरात तेव्हाच पारा ४५ कडे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, पल्व्हरायझरच्या (दळायच्या यंत्राच्या) मोटरशेजारी, डबीच्या आतलं तापमान त्याहून पुढे. सकाळ ते दुपार २० अंशांचा फरक सहज पडतो. ८५० च्या एलईडीचा प्रकाश प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटतो, म्हणजे ६ ते १० टक्के घट. ७३० च्या एलईडीची घट वेगळ्या वेगाने. दोघांमधला हा फरक गुणोत्तरात जसाच्या तसा उतरतो. शिवाय फोटोडायोडचा अंधारातला प्रवाह दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. पण एलईडी बंदचा आकडा दरवेळी वजा करत असाल तर त्याची काळजी नको.

दर पोत्याला टेफ्लॉन मोजत असाल तर यातलं बहुतेक झाकलं जातं. तिखट वाहून नेणाऱ्या, सतत चालणाऱ्या पट्ट्यावर ते शक्य नसेल, तर डबीच्या आतच, काचेआधी, एलईडीकडे तोंड केलेला दुसरा छोटा फोटोडायोड बसवा आणि प्रत्येक रीडिंगला त्याच्या आकड्याने भागा. एलईडीला विद्युतप्रवाह स्थिर देणारं सर्किट हवं. मोबाईल चार्जरच्या पाच व्होल्टवर नुसता रेझिस्टर लावून दिलेला एलईडी, बाजूची मोटर सुरू होताना डोळे मिचकावतो.

एक गोष्ट हवामानाच्या माथी मारली जाते पण ती हवामानाची नाही: ताजं दळलेलं तिखट गरम असतं. ते खिडकीवर ठेवलं की काच, आडोसा, एलईडी सगळंच तापतं आणि रीडिंग मिनिटभर घसरत राहतं. त्यात तिखटातून निघालेली वाफ सकाळच्या थंड काचेवर दव धरते. नमुना पसरट ताटलीत हाताला गार लागेपर्यंत ठेवा, मग मोजा.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सुचणार नाही. आपल्याकडे दुपारी खोलीत वाळ्याचा कूलर सुरू होतो आणि कोरडीठाक हवा तासाभरात दमट होते. उघडं तिखट ती ओल ओढून घेतं, कण चिकटतात, गोळे होतात, रंग गडद होतो. पाण्याचं शोषण ९७० च्या आसपास आहे, त्यामुळे कुणी ७३० सोडून ८५० आणि ९४० ची जोडी घेतली असेल तर कूलर लागताच तिचा आकडा हलतो. ७३० आणि ८५० ची जोडी यात बरीच निर्धास्त. तरी नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सेन्सर कूलरच्या झोतात नको.

ट्यूबलाइटचं लुकलुकणं सोपं आहे, पटकन उरकतो. वीज ५० हर्ट्‌झची, दिवे लुकलुकतात १०० हर्ट्‌झने. मोजायचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत घ्या, ते सपाट होतं. एएस ७२६५एक्समध्ये हा काळ २.७८ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी ठरतो, ३६ पायऱ्या घेतल्या की जवळपास १००. उन्हाचा कवडसा थेट पडत असेल तर मात्र गणित नको, झाकण करा.

सगळं ठीक, तरी आकडा नाचतो

मग सेन्सर निर्दोष आहे, दोष नमुना भरण्याच्या पद्धतीत आहे. बारीक दळलेलं तिखट भरड तिखटापेक्षा उजळ दिसतं, कारण कण लहान झाले की प्रकाश आत शोषला जाण्याआधी जास्त वेळा विखुरतो. सैल भरलेलं आणि दाबलेलं यांतही फरक. एकाच मापाचा डबा, एकच चाळणी, वर दाबायला ठरलेलं वजन. हाताने दाबलेला नमुना दोन माणसांचा कधीच जुळत नाही.

वीट आणि तिखट यांच्या वजनाचा घोळ याहून मोठा. विटेचे कण तिखटाच्या कणांपेक्षा जवळपास दुप्पट जड. डबा हलला, ठोकला, किंवा पट्टा थरथरला की विटेचे जड कण खाली सरकतात. खिडकी खालून बघत असेल तर भेसळ वाढलेली दिसते, वरून बघत असेल तर गायब. डबा ठोकून भरायची सवय बहुतेकांना असते, ती मोडा. आणि जड म्हणजे वजनाच्या मानाने आकारमान कमी, म्हणून वजनाने दहा टक्के वीट सेन्सरला निम्म्याएवढीच दिसते. प्रमाण ठरवताना ओळखीच्या शुद्ध तिखटात स्वतः मोजून वीट मिसळून तक्ता बनवा, पुस्तकी सूत्राने नको. तक्ता करताना मिरचीच्या जातीही बदला: भिवापुरी वेगळी, तेजा वेगळी, ब्याडगी वेगळी. देठांसकट दळलेलं तिखट आणखी वेगळं.

खिडकी पाच मिलिमीटरची आणि तिखट भरड असेल तर एका जागेचं रीडिंग म्हणजे लॉटरी. डबा फिरवून वेगवेगळ्या जागी मोजा आणि सरासरी घ्या. जागाजागांमधला फरकही दाखवा, तोच कधी कधी जास्त बोलतो, कारण नीट न मिसळलेली भेसळ ठिपक्याठिपक्यांनी असते. पास आणि नापास यांच्यामध्ये ‘पुन्हा भरा’ असा तिसरा निकाल ठेवा. चक्कीवाल्याला तो आवडत नाही, पण खोट्या नापासामुळे गिऱ्हाईक तुटण्यापेक्षा परवडतो.

आणि या सेन्सरच्या कुवतीबाहेरचं काय, ते विकतानाच सांगून टाका. मानकात आम्लात न विरघळणारी राख जास्तीत जास्त १.३ टक्के आहे. वीट जवळपास सगळी या राखेत मोजली जाते, म्हणजे दोनेक टक्के वीटही कायद्याने नापास. इतक्या कमी प्रमाणावर या दोन एलईडींचा भरवसा धरू नका, त्याला भट्टी आणि आम्लाची चाचणीच लागते. सुदानसारखे घातक रंग तर यात दिसणारच नाहीत, ते निळ्या-हिरव्यात शोषतात, तिथे मिरचीचा स्वतःचा रंगही शोषतो, आणि ते असतात किंचित. तसा संशय असेल तर पोतं बाजूला काढा आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा.